तानाबाईने वाजवलेला रूळ

मी एक जुना रूळ आहे. अख्खा रूळही नाही, रुळाचा हातभर तुकडा. मोताळ्याच्या वाटेवरच्या एका गावात मला लिंबाच्या फांदीला तारेने टांगलंय. मित्रांनो, तुम्ही फुलांची आणि नद्यांची मनोगतं वाचली असतील. ती गोड असतात. माझ्यापाशी तसलं काही नाही. मी मार खाल्ल्याशिवाय बोलत नाही, आणि बोललो की लोक पळत सुटतात.

माझा जन्मच मारहाणीतला. भट्टीत वितळवलं, लाटलं, ठोकलं, आणि मलकापूरजवळ खडीवर आडवं पाडलं. कापसाच्या गाठी भरलेल्या मालगाड्या वर्षानुवर्षं माझ्या छातीवरून गेल्या. एकदा एक बैल चाकाखाली आला. त्याचं रक्त पाऊस येईपर्यंत माझ्या अंगावर वाळत होतं. पुढे मला तडा गेला. मग चौघांनी करवतीने माझे तुकडे केले आणि भंगारात फेकून दिले. कोणी एका शब्दानेही हळहळलं नाही.

तिथून मला उचललं याकोब मास्तरांनी. हे न्यायसेवा मंडळाचे अध्यक्ष. मंडळ ख्रिस्ती लोकांचं. त्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने विहिरीवरून धोंडे मारून हाकललं होतं, म्हणून नातवंडांनी आपली घरं, शाळा आणि ऑफिस असलेल्या कंपाउंडाच्या फाटकावर पाटी लावली होती : 'सर्वांस न्याय'. पाटी काही खोटी नव्हती. कोणा मजुराला चावडीत बडवलं, कोणाचं झोपडं पाडलं, की मंडळाची माणसं बुलढाण्याच्या कोर्टापर्यंत पायपीट करायची.

मास्तरांनी मला कंपाउंडात, ऑफिसच्या पायरीसमोरच्या झाडाला टांगलं. माझं काम टोल देण्याचं. सकाळी प्रार्थनेचा, मग शाळेचा, आणि संकट आलं तर न थांबता, धडाधड. एकदा शाळेचं छप्पर पेटलं तेव्हा मी असा ओरडलो की एकही मूल आत राहिलं नाही. त्या दिवशी मला झेंडूची माळ मिळाली. मी आठवडाभर ऐटीत होतो.

पण मंडळाचा एक नियम होता. माझा हातोडा ऑफिसात कुलपात असे. संकटाचा टोल द्यायचा तो फक्त कंपाउंडातल्या माणसांसाठी, आणि तोही सभासदाने सांगितल्यावर. मास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. गावाच्या भांडणात पडलो तर गाव आपलं दाणापाणी तोडेल, अशी त्यांना धास्ती. सगळ्यांना न्याय द्यायला निघालेली माणसं, पण आरोळी मात्र घरापुरती ठेवून बसली होती!

मंडळात तानाबाई नोकरीला होती. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली ही विधवा देऊळघाटापासून मोताळ्यापर्यंत गावोगाव हिंडायची. बाया पुरुषांना जे सांगत नसत ते हिला सांगत. मंडळाच्या निम्म्या केसेस तिनेच आणलेल्या. पण सभासद व्हायचं तर बाप्तिस्मा हवा. त्यामुळे सभा आत भरायची आणि तानाबाई पायरीवर, माझ्या समोर बसायची.

स्वयंपाकीण मार्थाबाई चिडायची. "तानाबाई, तुमची हकिगत आत साहेबलोक सांगून राह्यले, अन् तुम्ही भायेर?"

"सांगू द्या वं. काम होते ना?" तानाबाई हसून म्हणायची. मला मात्र ते हसू कधी खरं वाटलं नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पोळ्याचा दिवस होता. तानाबाईचा धाकटा भाऊ कडूबा याने पहिल्यांदाच स्वतःची बैलजोडी घेतली होती. शिंगांना बेगड, पाठीवर नवी झूल. तोही जोडी घेऊन मैदानात रांगेच्या शेवटी उभा राहिला. आमच्याकडे पोळ्यात मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग बाकीच्या. मान शेषरावांच्या घराकडे. हे गावातले मोठे जमीनदार. तोरणापाशी कोणीतरी फटाक्यांची लड लावली, आणि कडूबाचे बैल बुजले. कासरा तोडून उधळले ते थेट तोरणाखालून, शेषरावांच्या जोडीच्या आधी.

बैलांना मान कळत नाही. माणसांना तेवढाच कळतो.

माझ्या झाडावरून मला नाल्यापलीकडची वस्ती स्पष्ट दिसायची. शेषराव पुढे, मागे काठ्या-कुऱ्हाडी घेतलेला घोळका. त्यांनी आधी बैल गाठले आणि कुऱ्हाडीने त्यांचे पाय तोडले. बैल ओरडत होते. मग कडूबाला घरातून फरफटत आणलं. पहिल्या काठीला तो उठला, दुसरीला गुडघ्यावर आला. मग मला फक्त काठ्या वरखाली होताना दिसत होत्या.

तानाबाई नाला ओलांडून धावत आली. लुगडं चिखलाने भरलेलं, पाय अनवाणी.

"मास्तर, टोल द्या! माह्या भावाले मारून राह्यले!"

कंपाउंडात वीस-पंचवीस धडधाकट माणसं होती. एवढी माणसं धावून गेली असती तर घोळका पांगला असता. मास्तर ऑफिसच्या दारात उभे होते. चेहरा पांढरा पडलेला, किल्ली मुठीत. त्यांनी विचारलं, "तानाबाई, त्यात आपल्यातलं कोणी आहे का?"

ती म्हणाली, "म्या कोनाची हाय, मास्तर?"

मास्तर म्हणाले, "सभासदांना विचारावं लागेल," आणि खरोखरच विचारायला आत गेले.

मित्रांनो, मी लोखंड आहे, तरी त्या क्षणी तार तोडून कोणाच्या तरी टाळक्यात पडावंसं मला वाटलं.

मार्थाबाई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली आणि तिने तो तानाबाईच्या हातात दिला. "हान, बाई!"

तानाबाईने मला हाणलं. आयुष्यात खूप मार खाल्ला, पण तसा कधीच नाही. एका हाताने मला धरून ती दुसऱ्या हाताने वरवंटा मारत होती. एक घाव चुकला आणि तिची दोन बोटं माझ्या आणि वरवंट्याच्या मध्ये चिरडली. हाड मोडल्याचं मला कळलं. ती थांबली नाही. माझ्या अंगावरून रक्त ओघळत होतं आणि मी बोंबलत होतो.

माणसं धावली. आधी बाया, मग पुरुष, शेवटी मास्तरही. घोळका पांगला. पण तोवर काठ्यांचं काम झालं होतं. कडूबाला बैलगाडीत घालून बुलढाण्याला नेताना तो वाटेतच गेला. त्याचं डोकं तानाबाईच्या मांडीवर होतं.

खटला उभा राहिला. साक्षीदार एकेक करून फुटले. शेषराव सुटले, आणि गावात पेढे वाटले गेले.

त्यानंतरच्या सभेत मास्तरांनी तानाबाईला आत बोलावलं. रडतच ते म्हणाले, "तुम्ही खुर्चीवर बसा. बाप्तिस्म्याची अट आम्ही काढली."

"खुर्ची तं म्या घेईनच," ती म्हणाली. "पन आधी रूळ भायेर काढा. रस्त्यावर टांगा. हातोडा साखळीने तिथंच बांधा. ज्याच्यावर संकट येईन, त्यानं वाजवावा."

काही सभासद रागावून मंडळ सोडून गेले. त्यांना कोणी अडवलं नाही. मला फाटकाबाहेरच्या लिंबावर, रस्त्याच्या कडेला टांगलं.

दोन पावसाळे गेले. एका भर दुपारी रस्त्याने एक बाई धावत आली. डोकं फुटलेलं, केस रक्ताने चिकटलेले. ती पुष्पाबाई, शेषरावांची सून. मागून तिचा नवरा कुऱ्हाड घेऊन येत होता. तिने हातोडा दोन्ही हातांनी उचलला आणि मला हाणला.

सगळ्यात आधी नाल्याकडून तानाबाई आली. कोणी टोल दिला ते तिने पाहिलं. क्षणभर ती जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं, आता ही परत फिरेल. फिरली असती तर मी तिला दोष दिला नसता.

ती पुढे झाली. पुष्पाबाईला पाठीशी घालून नवऱ्यासमोर उभी राहिली. तो ओरडला, "बाजूले हो! हे आमच्या घरातलं हाय!"

"घर तिकडं राह्यलं. बाई रस्त्यावर हाय," तानाबाई म्हणाली. त्याने कुऱ्हाड उगारली. दांडा तिच्या खांद्यावर बसला, ती वाकली, पण बाजूला झाली नाही. तोवर मार्थाबाई आली, मास्तर आले, अख्खं कंपाउंड आणि अख्खी वस्ती आली. कुऱ्हाड खाली पडली.

पुष्पाबाईने हातोडा सोडला. तिने विचारलं, "तुम्ही काऊन आल्या, बाई? तुमच्या भावाले तं माह्याच घरच्यांनी..."

तानाबाई दुखरा खांदा धरून बसली होती. म्हणाली, "टोल पडला. आली."

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. मला रंग लावू नका, माळ घालू नका. माझा हातोडा तेवढा कुलपात ठेवू नका. आणि टोल ऐकू आला तर आधी धावा. वाजवणारा कोण होता, ते तिथे पोचल्यावर कळेलच.