निळ्या बुडाची पातेली

मी उज्ज्वलाच्या माहेरची स्टीलची पातेली बोलतेय. बोलतेय खरी, पण ऐकणाऱ्यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते.

संशयाची सवय मला कळंबच्या दुकानातच लागली. उज्ज्वलाच्या वडिलांनी मला तीनदा वाजवून पाहिलं, बुडाला चुंबक लावलं. ते चिकटलं नाही, म्हणजे स्टील अस्सल; तेव्हा कुठे त्यांनी काठावर ‘उज्ज्वला हीस आईबाबांकडून’ असं कोरून घेतलं. लग्नात मी तिच्याबरोबर तिच्या सासरी, बोरी अरब गावी आले.

ओल्या भांड्यात दूध नासतं, अशी सासू कौसल्याबाईंची पक्की समजूत. म्हणून रोज सकाळी त्या मला धुऊन रिकामीच गॅसवर ठेवायच्या आणि सुकेपर्यंत अंगणात कुणाशी तरी बोलत उभ्या राहायच्या. बोलणं लांबायचं. हळूहळू माझं बूड सोनेरी झालं, मग जांभळं, मग निळं.

“मुलामा उडून राह्यला,” त्या सुनेला म्हणाल्या. “तुया बापानं नकली भांडं देलं. कळंबले नेऊन त्याइच्या दारात ठेवतो.”

बापाने हौसेने दिलेली वस्तू चार लोकांत खोटी ठरणार, म्हणून उज्ज्वलाचा चेहरा उतरला. मलाही फार वाईट वाटलं.

पुरावा हवा म्हणून कौसल्याबाई सुनेला घेऊन आधी गुलाम नबी वेल्डरकडे गेल्या. हा मला भंगारातच टाकणार, असं मी धरून चालले होते.

“मुलामा गिलामा काही नाही, भाभी,” मला उजेडात फिरवत तो म्हणाला. “स्टीलवर हवेनं पातळ साय धरते, डोळ्याले दिसत नाही. लय तापलं का ते जाड होते. जशी जाडी, तसा उजेड परतते, तसा रंग दिसते. वेल्डिंगच्या सांध्यापाशी मी रोजच पाहतो. माल अस्सल हाये. पण पाणी असलं तर एवढं तापत नाही. रिकामी कोन ठेवते?”

“सून,” कौसल्याबाई लगेच म्हणाल्या.

उज्ज्वलाने माझ्या काठावरून बोट फिरवलं. “हो, मीच ठेवतो,” ती म्हणाली. बापावरचा आळ टळला होता, तिला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कौसल्याबाई मला फडक्याने पुसू लागल्या. तुमच्याकडचं भांडं रंगलं, तर देणाऱ्याआधी तापवणाऱ्याकडे बघा, एवढंच माझं मागणं.

लिंबू चोळलं तर निळं जाईल, असं गुलाम नबीने सांगितलं होतं. उज्ज्वला चोळत नाही. रोज सकाळी ती मला तशीच सासूच्या हातात देते, आणि काहून चोळत नाहीस, असं कौसल्याबाईंनी अजून विचारलेलं नाही.