मुझिरिसच्या दोन तुकड्या

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या सुखदेव गजभियांचं पत्र पद्माकररावांना तोंडपाठ होतं. उत्तर मात्र चार वर्षांत गेलं नव्हतं. अक्षर शिक्षकी, मजकूर नेमका. 'मराठी मंडळाच्या स्मरणिकेत आपण लिहिलंत, की केरळच्या प्राचीन मुझिरिस बंदरात रोमन सैन्याच्या दोन तुकड्या कायम असत. नात धम्मशीलाने ते शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घातलं. वर्गात बाईंनी पुरावा विचारला, तिला देता आला नाही. छापलंय म्हणून खरं मानायची आमच्या घरची रीत नाही. आधार कळवावा.'

आधार नव्हता. लंडनमधल्या ईलिंगच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात ते एकच वाक्य होतं. पद्माकररावांनी ते शाईने कार्डावर उतरवलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'तपासणे'. लेख करताना शाईचं तेवढं उचललं. पत्र आल्यावर मात्र महिनाभर धुंडाळलं. एका रोमन नकाशाच्या जुन्या नकलेवर मुझिरिसपाशी ऑगस्टसचं देऊळ सापडलं. शिपाई एकही नाही. हे कळवायची लाज वाटली, आणि लाजेवर दिवस चढत गेले.

शनिवारी मंडळाच्या नीनाचा फोन आला.

"काका, रौप्यमहोत्सवी अंकात तुमचा मुझिरिसचा लेख परत टाकतोय. ओके ना?"

'हो' म्हटलं की सुटका होती.

"नको. त्यातले सैनिक... म्हणजे, त्यांना पुरावा नाही."

"अहो, दोन हजार वर्षं झाली! ते थोडेच कंप्लेन करणार आहेत?"

"ते नाही गं. एका मुलीला भर वर्गात मान खाली घालावी लागली. माझ्यामुळे."

"मग चूकदुरुस्ती छापायची का?"

"छाप. माझ्या नावानिशी. पण आधी एक पत्र टाकतो."

तीन कागद फाटले. एकात आजारपण होतं, एकात वय, एकात नुसतीच विद्वत्ता. चौथ्यावर एवढंच उरलं: 'गजभिये सर, आधार नव्हता. मी तपासलं नाही. चूक माझी, धम्मशीलाची नाही. हे तिला वाचून दाखवावं.' सोबत त्यांनी ते कार्डही घातलं, पेन्सिलीच्या शब्दासकट.

सेकंड क्लासचा स्टॅम्प काढला, परत ठेवला, दुसऱ्याच दिवशी पोचणारा फर्स्ट क्लासचा लावला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट पडल्याचा आवाज नीट ऐकू आला. तरी त्यांनी फटीत बोटं घालून, ते अडकलं नाही ना, याची खात्री केली.