सुभेदाराचं कपाट

सुभेदार कधी लष्करात नव्हता हो! पोस्टात शिक्के मारण्यात त्याची हयात गेली. पण घरात शिशाचे दोनशे बारा शिपाई, जुन्या काळची खेळणी, म्हणून गल्लीनंच त्याला सुभेदार केलं. शिपाई ओळखण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नजर अधू झाली तरी नुसता अंगठा फिरवून सांगायचा, हा कुठल्या साच्यातला, आतून पोकळ की भरीव, मुंडकं मूळचं की मागाहून चिकटवलेलं.

बायको त्यांना सवती म्हणायची. "पगार त्यांचा, रविवार त्यांचा, मी आपली धूळ पुसायला!" चाळीस वर्षं हेच रडगाणं. आणि तो निवृत्त झाला त्या दिवशी याच बाईनं नवं कोरं लाकडी कपाट आणून उभं केलं. त्याच्या नकळत एकेका शिपायाची उंची दोऱ्यानं मोजून घेतली होती तिनं. काचेची दारं, कडेनं रबराची पट्टी. धुळीची आत शिरायची बिशाद नव्हती. "घ्या, सवतींना हक्काचं घर," म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

ताज्या लाकडाचा वास नाकात गेला आणि सुभेदारानं काय ते ओळखलं. ताजं लाकूड आंबूस वाफ सोडतं, कोंडलेल्या वाफेत शिसं सडतं. या छंदातलं शेंबडं पोरही हे सांगेल. त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि "फक्कड झालंय" म्हणाला. मूर्ख कुठला! उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता सहा वर्षं गेली. तो गुपचूप दार किलकिलं करून ठेवायचा, ती येता-जाता लावून टाकायची. पुढे अंगठ्याला खरखर लागायला लागली, तेव्हा आपली बोटंच म्हातारी झाली अशी त्यानं मनाची समजूत घातली.

आज संग्रहालयातल्या बाई आल्या. शिपाई अस्सल ठरले तर तिथला एक कोपरा सुभेदाराच्या नावाचा होणार होता. मूलबाळ नव्हतं. मागे राहायचं ते एवढंच, आणि त्यासाठी तो आठवडाभर नीट झोपला नव्हता. बायको पाहुणीसाठी काहीतरी आणायला बाजारात गेली होती.

बाईंनी पहिला शिपाई उचलला, तर त्याचा पाय हातातच तुटला. दुसऱ्याच्या तळाला कारखान्याच्या शिक्क्याच्या जागी करडी भुकटी. तिसऱ्याला तोंडच नव्हतं. त्या एकेक कप्पा बघत गेल्या आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "काका, ओळखायचं तरी कशावरून? कपाटानं खाल्लं हो सगळ्यांना."

"एकही नाही?"

मागाहून घेतलेले चार घोडेस्वार तेवढे पत्र्याच्या डब्यात होते. बाईंनी ते उजेडात धरले. "हे अस्सल आहेत, रंगसुद्धा मूळचा. पण चौघांसाठी कोपरा नाही देता येणार."

"बरं," सुभेदार म्हणाला. "एक करा. आमच्या हिला भेटलात कधी, तर कपाटाचं बोलू नका."

बाई गेल्या आणि थोड्या वेळानं बायको आली. "हे काय, गेल्या? कधी नेणार म्हणाल्या?"

"नेत नाहीत. नकली निघाले. मी जन्मभर फसत आलो."

ती तिथंच खाली बसली. "सगळे? आणि मला शिकवत होता, हा खरा, तो खोटा!" ती हसायला लागली, मग थांबली. "अहो, मग मी एवढं सोसलं ते कशापायी?"

खरं सांगावं तर ती खचणार, न सांगावं तर तिची चाळीस वर्षं मातीमोल.

तिनं डब्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"ते चार खरे आहेत."

"मग पत्र्यात कशाला कोंबलेत?" ती उठली.

"राहू दे डब्यातच."

"का? माझ्या कपाटाला काय धाड भरलीय?"

सुभेदारानं डबा तिच्याकडे सरकवला. म्हणाला, "काही नाही. ठेव."

तिनं चारही घोडेस्वार मधल्या कप्प्यात ओळीनं मांडले आणि रबर घट्ट बसेपर्यंत दार दाबलं.