सशांना आवतन

पिंजरे तीन, ससे तीन, डोळे सहा. देविकाने हातातला दिवा पुन्हा पहिल्या पिंजऱ्यापाशी नेला आणि नव्याने मोजले. चार डोळ्यांच्या कडा लाल होत्या, दोन डोळे स्वच्छ. दोन्ही डोळे स्वच्छ असलेला ससा एकही नव्हता.

पहिल्या सशाची खालची पापणी तिने अंगठ्याने हलकेच ओढली. आतल्या कडेला पिवळी रेघ होती. मानेवरची पांढरी लव उलटी केली, तर तिथेही पिवळे. तिने बोट नाकाशी धरले. हळद होती, आणि लोणी.

दानम्मा दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होती. मुदखेड रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या खोलीची झाडलोट आणि चारापाणी तिच्याकडे होते. एरवी ती खोलीत शिरताच सशांशी बोलायला लागायची. आज तिची नजर फरशीवर होती.

"मावशी, सकाळी यांना काय लावलं?"

"लई न्हाई ताई. बोटभर. खांदेमळन हाय आज."

देविका चाकूरची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात, हे तिला सांगावे लागले नाही. दानम्माच्या घरी आता बैल नव्हते. ट्रॅक्टर आला होता, आणि गोठ्यात सून स्कूटी लावायची. सणाला हात रिकामे राहिले की चैन पडत नाही, असे काहीतरी ती पुटपुटली. मग म्हणाली,

"बाहेरचं खायला घालायचं न्हाई म्हून तुमीच सांगितलंय. म्हून नुस्तं आवतन दिलं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या म्हनलं. घालनार न्हवते काई."

ससे दिवसभर पंजे चाटून तोंड पुसत बसतात. मानेवरची हळद पंज्यांना लागली होती आणि पंज्यांची डोळ्यांत गेली होती.

दुसऱ्या दिवशी या तिघांपैकी एकाच्या डोळ्यात लातूरच्या एका कारखान्याचे द्रावण घालायचे होते. फवारणीचे औषध पानाला चिकटून राहावे म्हणून त्यात मिसळतात, ते द्रावण. पहिल्या सशाचा डोळा पार गेला तर तिथेच थांबायचे. नाही गेला तर उरलेल्या दोघांवर. पहिल्याचीही गरज नाही, असे देविकाचे म्हणणे होते.

ते म्हणणे तिने तोंडी मांडले नव्हते. इतवाऱ्यातल्या एका दुकानातून नुकत्याच कापलेल्या कोंबड्यांची मुंडकी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून ऑटोने आणली, डोळे काढून मिठाच्या पाण्याच्या संथ धारेखाली ठेवले आणि त्यांवर द्रावणाचा थेंब दहा सेकंद ठेवून धुतला. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा झाला. धूसरता शून्य ते चार अशी मोजतात. ती चार आली. प्रत्येक डोळ्यात चार. इतका वाईट निकाल मेलेल्या डोळ्यातच आला तर जिवंत प्राणी घ्यायचे कारण नाही, असे नियमांच्या पुस्तकातही होते. तिने त्या ओळीखाली रेघ मारून ते पान जोडले.

प्रयोगशाळेच्या नीतिसमितीचे अध्यक्ष माधवराव निवृत्त प्राध्यापक होते. कॉलेजात त्यांनीच तिला प्राणिशास्त्र शिकवले होते. त्यांनी सगळे वाचले, काम फार स्वच्छ आहे म्हणाले आणि सशांच्या मंजुरीवर सही केली. कारखान्याचे मालक गुरुबसप्पा त्या दिवशी तिथेच बसले होते.

"कोंबडीच्या डोळ्यावरून माझ्या डब्यावर धोक्याची खूण लावता का, बाई?"

सशाचा डोळा एवढा जाणार नाही, अशी त्यांना आशा होती. तेव्हापासून प्रयोगशाळेतली पोरे देविकाला इतवाऱ्याची मॅडम म्हणत आणि डबा उघडला की रस्सा आहे का विचारत.

आता दिवा हातात धरून ती हिशेब करत होती. चाचणीच्या आधी प्राण्याच्या एकाही डोळ्यात दोष दिसला तर तो प्राणी बाद. नवे ससे हैदराबादहून यायचे आणि त्यांची पुढची खेप पंधरा दिवसांनी होती. आल्यावर त्यांना पाच दिवस नुसते ठेवावे लागायचे. गुरुबसप्पांची फाईल मात्र महिनाअखेरीला जायची होती. ससे नसतील तर फाईलमध्ये कोंबड्यांचे डोळेच उरत होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख राघवेंद्रसर आले. त्यांनी तिन्ही पिंजऱ्यांपाशी वाकून पाहिले आणि दानम्माकडे न बघता हसले.

"पोळा करून राहिले म्हणा इथं. मीठपाण्यानं धू. उद्यापर्यंत उतरतंय. परवा करू."

"सर, तपासणीत दोष दिसला तर प्राणी घ्यायचा नाही."

"हळद आहे ती, देविका."

"लाली आहे. मी लाली लिहिणार."

राघवेंद्रसरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो हातातच ठेवला.

"तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. लिही. पण बाद म्हणजे बाद. मग मागं नाही यायचं."

"नाही येणार."

तिने तीन वेळा बाद लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले. राघवेंद्रसर फोन लावत बाहेर गेले.

दानम्मा अजून बादली धरून होती. कामावरून काढतील का, एवढेच तिने विचारले. तिचे नाव कुठे लिहिलेले नाही, असे देविकाने सांगितले. मग आवाज उतरवून म्हणाली,

"मावशी, तुमच्या हळदीनं वाचले ते."

दानम्माने बादली खाली ठेवली. पदराने तोंड पुसले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मग उद्या खरंच घालू का जेवायला? आवतन दिलंय तर."

"घाला. आता चालतंय."

"पोळी खात्यात का हे?"

"पोळी नको. हरळी आणा. कोवळी."

"हाव," दानम्मा म्हणाली, आणि जाता जाता सशांना उद्देशून काहीतरी कानडीत बोलली. देगलूरकडची होती ती. लाडात आली की कानडीत बोलायची.

दुपारी चारला राघवेंद्रसरांनी देविकाला बोलावले. गुरुबसप्पांनी हैदराबादच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तीन ससे मिळवले होते आणि स्वतःची गाडीही पाठवली होती. ससे रात्रीतून पोचणार होते. पाच दिवस ठेवूनही महिनाअखेर गाठता येत होती.

"पिंजरे आजच रिकामे करून धुवावे लागतील," ते म्हणाले.

देविकाने विचारले, हे तीन ससे मी घेऊन जाऊ का. चाकूरला भावाच्या शेतात जागा आहे, जाळी मारून घेता येईल. ती भराभर बोलत होती. राघवेंद्रसरांनी तिला संपवू दिले.

"प्रयोगाचा प्राणी बाहेर द्यायचा तर समितीची मंजुरी लागते. समिती पुढच्या महिन्यात बसते. तोवर ठेवायचे कुठं?"

"माझ्या खोलीवर ठेवते."

"मंजुरीशिवाय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आज धुतले असते तर परवा एकावर भागलं असतं बघ. बाकीचे दोघं तसेच राहिले असते. पण नियमाचं तूच म्हणालीस."

पाचला पशुवैद्य इंजेक्शने घेऊन आले. पहिले दोन ससे कुणी धरले ते देविकाने पाहिले नाही. ती खिडकीशी उभी होती. तिसरा तिने धरला. अंगठ्याखाली त्याची मान होती, आणि तो धडपडला नाही. हात धुतले तरी नखांच्या कडेला पिवळे राहिले.

पोळ्याच्या दिवशी दानम्मा नवे लुगडे नेसून आली. हातात फडक्याचे गाठोडे होते. देविका पिंजऱ्यांपाशी नोंदी घेत होती. तीन पिंजरे, तीन ससे, सगळे पांढरे, सहाही डोळे स्वच्छ.

दानम्मा पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने गाठोडे सोडले. हरळी धुऊन, निथळून आणली होती. वर झेंडूचे एक फूल होते. पिंजरा उघडून तिने सवयीने सशाच्या मानेवरून हात फिरवला. ससा आक्रसून मागे सरकला. तिने मानेवरची लव बोटांनी उलटी केली आणि थांबली. मग दुसऱ्याची उलटी केली. तिसऱ्याचीही.

"धुतलं का ताई?"

देविकाने पेनचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"बाहेरचं घालू नका मावशी. यांना नाही चालत."

दानम्माने हात मागे घेतला आणि पिंजऱ्याची कडी लावली. फडक्याची चारही टोके तिने एकत्र केली, गाठ मारली, गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली. गाठोडे मांडीवर घेऊन ती तिथेच बसून राहिली. ऊठ म्हणायला कुणी आले नाही.

पाच दिवस ठेवून झाल्यावर नव्या सशांपैकी पहिल्याच्या उजव्या डोळ्यात द्रावण घातले. मोजणी देविकाने केली. चोवीस तासांनी डावा डोळा स्वच्छ होता. उजव्या डोळ्याची धूसरता चार.