खाणीचं थेटर

मित्रांनो, सिल्लोडच्या रस्त्यानं शहरात शिरताना कुणालाही विचारा, "खाणीचं थेटर कुठंय?" तो हात करील तिथं मी बसलेलो आहे. दगडाचा आहे, जुना आहे आणि थोडा गर्विष्ठही आहे. ते आधीच सांगून टाकतो.

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या खडीसाठी इथली टेकडी फोडली. पाट्या घेऊन बायांना वर चढता यावं म्हणून बन्सी मिस्तरीनं फोडता फोडता अर्धगोल पायऱ्या राखल्या. त्याच माझ्या बैठका झाल्या. आक्काबाई तेव्हा नवी नवरी. मेंढरं चाऱ्यावाचून गेली म्हणून दगड वाहायला आलेली. एका दुपारी तळाशी उभा मुकादम स्वतःशीच पुटपुटला, "आज लवकर सोडावं यांना." सगळ्यात वरच्या पायरीवरून आक्काबाई म्हणाली, "लई बरं हुईल!" मुकादम दचकलाच. तळाशी बोललेलं थेट वर ऐकू जातं, हे असं कळलं.

मग काय विचारता! ग्रामसभा माझ्याकडं, भारूड माझ्याकडं. सोयरिकी जुळायच्या आणि फिसकटायच्या, त्याही माझ्याच पायऱ्यांवर. एकदा गुरुजींनी पोरांना पुस्तकातलं रोमन लोकांचं दोन हजार वर्षांपूर्वीचं थिएटर दाखवलं. तसाच डोंगराचा उतार, तशाच अर्धगोल पायऱ्या. बरं जमलंय रोमनांना, असं मी मनात म्हटलं.

पुढं शहर वाढत वाढत आमच्या वाडीला येऊन भिडलं. सभा मंगल कार्यालयात गेल्या, करमणूक टीव्हीत गेली. माझ्याकडं बाटल्या, फुटक्या फरश्या आणि बाभळी उरल्या. यायची ती फक्त आक्काबाई, चार शेळ्या घेऊन. बाटल्या वेचायची आणि टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला तेवढाच आधार होता, खरं सांगतो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला. पाण्याची मोठी टाकी मंजूर झाली आणि जागा ठरली माझी. मला मुरुमानं बुजवायचं आणि वर टाकी बांधायची! माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पण तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? आक्काबाईच्या घरातही हंडे कोरडे होते. माझ्या पायरीवर बसून ती सुनेला म्हणाली, "शीला, पाणी येत असंल तर नाय कसं म्हनावं गं? पर या पायऱ्या बुजताना बघवायचं नाय."

लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. संध्याकाळी सावली असते म्हणून माझ्याकडंच. भाषण सुरू होणार तेवढ्यात लाईट गेली आणि माईक बंद पडला. पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब आणि टाकीचा कंत्राटदार तळाशी मधोमध उभे होते. कंत्राटदार साहेबांच्या कानाला लागला, "टाकी पलीकडच्या माळावर बी बसते, साहेब. खडक पक्का आहे. पण ती जागा मला प्लॉटिंगला पाहिजे. लोकांना म्हणा, इथंच जमतंय."

शब्द न् शब्द वरपर्यंत गेला. तीनशे माणसांनी ऐकला. आक्काबाई जागेवरूनच म्हणाली, "माळावरच बसवा की मग! आमी कुठं नाय म्हनतोय?"

साहेबांनी वर पाहिलं, मग कंत्राटदाराकडं पाहिलं. हशा असा उसळला की शेळ्या उधळल्या. साहेब माणूस बरा होता. "माळाची मोजणी उद्याच करतो, मावशी," म्हणाले आणि तिथल्या तिथं सगळ्यांसमोर लिहून दिलं. हुश्श! मित्रांनो, इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. सगळे गेल्यावर आक्काबाई माझ्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "वाचलास रे बाबा!" आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली.

टाकी माळावर उभी राहिली, नळाला पाणी आलं. आता महिन्याची सभा पुन्हा इथंच भरते. माझं एवढंच मागणं आहे. मला रंग लावू नका, फरशी बसवू नका. या, बसा, कडाकडा भांडा. रिकामं थेटर कुणीही बुजवील. माणसांनी भरलेलं असलं, की जेसीबीवाल्याला आधी विचारावं लागतं, "जरा उठता का?"