आमदार हावगेप्पांची लेकरतुला

आमदार हावगेप्पांची गूळतुला करायची ही कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं सगळं श्रेय गावाने बाणूबाईला देऊन टाकलं आणि माझ्या पदरात काय पडलं, तर बाजेची तुटलेली नवार.

सन दोन हजार अकरा. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, निंबर्ग्याच्या पलीकडे आमचं गाव. माझं तुरीच्या अडतीचं दुकान, आणि दुकानात पोती जोखायचा मोठा काटा. त्या मार्चमध्ये समाजमंदिराच्या उद्घाटनाला आमदार येणार होते. मला तालुक्याच्या बाजारात एक गाळा हवा होता. आमदाराला नुसता हार घातला तर तो विसरतो. गुळाने जोखला तर निदान फोटो तरी घरात लावतो. म्हणून तुला.

आमच्या भागात तुलेचे दोन नियम आहेत. एका तुलेत एकच वस्तू. गूळ तर गूळ, नारळ तर नारळ. आणि माणूस एकदा बसला की दोन्ही बाजू बरोबर झाल्याशिवाय उतरायचं नाही. मधेच उतरला तर वर्षाच्या आत अरिष्ट येतं. पुढाऱ्याच्या बाबतीत अरिष्ट म्हणजे निवडणूक.

आता बाणूबाई. तिच्या घरची माणसं सासऱ्याच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन हिंडायची. आता ती रोजाने तूर काढायला जाते. बाई अंगाने किडकिडीत, पण तोंड असं की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं गप्प बसतं. मी काटा मारतो असा तिचा फार जुना संशय. मी मारत नाही. कसा मारतात ते मला माहीत आहे, एवढंच.

तिचा नातू पिराप्पा, सगळे पिरू म्हणतात. जन्मला तोच हातभर, आणि मग एका मागोमाग एक दुखणी. बाप नागराज पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर. आई रूपा मात्र गेली नाही, कारण आमच्या गावात महिन्यातून दोनदा तालुक्याहून लेकरांची गाडी यायची. गाडीत लेकरांची डॉक्टरीणबाई, नर्स, औषधं आणि सत्त्वाच्या पिठाच्या पुड्या. पुण्यात पत्र्याच्या खोलीत पिरूला कोण बघणार? त्या गाडीनेच पोराला तगवलं होतं, हे मी कुणासमोरही सांगेन.

आणि तीच गाडी बंद होणार अशी बातमी आली. नव्या बजेटमध्ये तिचा पैसा धरलेलाच नाही म्हणे. मग राहिलं कलबुर्गीचं इस्पितळ. दोन बस बदलायच्या, रोज बुडवायचा, आणि तापाने फणफणलेलं पोर मांडीवर. बाया अर्ज घेऊन आमदारांच्या बंगल्यावर जाऊन आल्या. "बघतो," असं ते दरवेळी म्हणाले. बेंगळुरूला अधिवेशन चालू होतं, दोन दिवसांनी ते तिकडे जाणार होते, पण एवढ्या वर्षांत त्यांनी विधानसभेत तोंड उघडलं असेल तर जांभई द्यायला.

उद्घाटनाच्या दिवशी मी समाजमंदिरासमोर तीन वासे उभे करून काटा टांगला. एका बाजूला मखमलीची खुर्ची, दुसऱ्या बाजूला माझ्या घरची नवारीची बाज. खुर्ची हलकी भरली, म्हणून तिच्याखाली दगड बांधून धडा केला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या केल्या. गुळाच्या ढेपा रचून ठेवल्या. हार झाले, शाल झाली, फेटा झाला. आमदार खुर्चीत बसले तशी खुर्ची जमिनीला टेकली आणि बाज कमरेइतकी वर गेली. मी पहिली ढेप उचलतोय, तोवर बाणूबाई पुढे.

"अंकुशअण्णा, गूळ ठेवा खाली. गूळ तर कोणबी देतंय. आमचा साहेब लेकरावानी माया करणारा माणूस. त्यास्नी लेकरांनी जोखायचं."

आणि मला काही बोलायची सवड न देता बायांनी अंगणवाडीतली लेकरं उचलून बाजेवर ठेवायला सुरुवात केली. मी चिडलो. माझी तुला, माझा काटा, माझा गूळ! पण पेपरचा फोटोवाला "वा, वा!" करत पुढे आला आणि आमदार तर खुलूनच गेले.

"बसवा, बसवा," ते म्हणाले. "ही तर देवाची फुलं."

फुलं बसली. एक रडलं, एकाने बाजेवरच कार्यक्रम उरकला. अंगणवाडी रिकामी झाली, बाज गच्च भरली, तरी खुर्ची जमिनीवरच. लोक हसायला लागले.

"अजून किती लागतेत गं अक्का?" आमदारांनी विचारलं.

"काय सांगू साहेब? तुमच्या तब्येतीला काय झालं न्हाई, आमची लेकरंच वजनाला कमी भरायलीत."

आमदारही हसले. हार काढून दिले. शाल दिली. फेटा दिला. मग दोन्ही मोबाइल, घड्याळ, कंबरेचा पट्टा. खुर्ची किंचित हलली आणि पुन्हा टेकली. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि फेटा तर उतरवलेला. पीए कानाशी लागला, "साहेब, उतरा." आमदारांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो विरोधी पक्षाचा माणूस आहे.

मी ठरवलं, पुरे झाला हा तमाशा. बाज हलू नये म्हणून दोर धरायचं निमित्त करून तिच्या बाजूला गेलो. हळूच भार द्यायचा, बाज खाली, साहेब मोकळे, गाळा माझा. तेवढ्यात रूपा पिरूला घेऊन आली. तिने पोर लेकरांच्या मधोमध बसवलं.

"हे बाळ किती महिन्यांचं?" आमदारांनी हसत विचारलं.

"पुढल्या महिन्यात तीन वर्षांचा होतोय," रूपा म्हणाली. "अजून धरल्याबिगर उभा ऱ्हात न्हाई."

आमदारांचं हसू थांबलं. माझं तर त्याआधीच थांबलं होतं. कारण दोर माझ्या हातात होता. उभा जन्म मी काट्याशी काढलाय. पसाभर तूर टाकली तरी दोर हाताला कळवतो. पिरूला ठेवलं तेव्हा दोर नुसता शहारल्यासारखा झाला, बस. तीन वर्षांच्या पोराचं एवढंच वजन? मला आतून फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

तरी तेवढ्यानेही काम केलं. खुर्ची जमिनीवरून सुटली, वर यायला लागली. आता आपोआप बरोबरी होणार, आमदार उतरणार, "बघतो" म्हणणार आणि गाडीत बसणार. मी बाजेचा दोर सोडला, वळसा घालून खुर्चीकडे गेलो आणि तिचा दोर धरला. नुसता धरला नाही. खुर्ची पुन्हा खाली बसली.

"झालं की बरोबर," आमदार म्हणाले.

"थोडं कमी हाय साहेब," मी म्हणालो.

"मग टाका की थोडा गूळ!"

"लेकरांच्या तुलेत गूळ?" बाणूबाईने कानावर हात ठेवले. "नगं बाबा, अरिष्ट येतंय. साहेब, तुमच्या डोक्यावर आमचं एक काम ऱ्हायलंय. लई जड हाय ते. तेवढं खाली ठेवा."

आमदारांना कळलं. "गाडीचं व्हय? प्रयत्न करतो."

मी भार वाढवला. खुर्ची धप्पकन आपटली. "जड झालं, जड झालं!" पोरं ओरडली.

"बरं, मंत्र्यांच्या कानावर घालतो."

मी हात जरा सैल केला; खुर्ची वीतभर वर आली आणि तिथेच थांबली. आता सगळं गाव खुर्चीकडे बघत होतं. आमदार स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"समिती नेमायला सांगतो."

धप्प.

"अहो सांगतो, सांगतो!" कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले. "परवा सभागृहात उभा ऱ्हातो. ह्या गाडीचा पैसा कापू नका म्हणून बोलतो. ह्या पोराचं नाव घेऊन बोलतो, वय सांगून बोलतो. पेपरवाले, लिहा. झालं का समाधान?"

मी हात सोडला. खुर्ची वर आली, बाज खाली आली आणि काटा मधोमध उभा राहिला. टाळ्या पडल्या, बाजेची नवार तुटली, लेकरं एकमेकांवर कोसळली आणि एकदम सगळी रडायला लागली. आमदार उतरले, पट्टा बांधला आणि माझ्याजवळ आले.

"अंकुशराव, तुमचा काटा लई शाणा दिसायलाय."

"जुना हाय साहेब," मी म्हणालो. गाळा त्या क्षणी बुडाला हे मला कळलं. बाणूबाई शेजारीच उभी होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझी एक ढेप डोक्यावर घेऊन दुकानाकडे चालू लागली.

आमदार बोलले. आम्ही दुकानातल्या टीव्हीवर बघितलं. पेपरात छापून आल्यावर बिचाऱ्याला दुसरा मार्गच नव्हता. कन्नडात अडखळत होते, पण पिराप्पाचं नाव घेतलं, वय बरोबर सांगितलं. मग पलीकडच्या तालुक्याचे एक उठले, त्यांच्यामागे आणखी एक. त्यांच्याकडेही गाड्या बंद होणार होत्याच. कुणाच्या बोलण्याने काय झालं देव जाणे, पण गाड्यांचा पैसा राहिला. एप्रिलमध्ये गाडी आली. मे महिन्यातही आली.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. दुपारी मी दुकानात डुलकी काढत होतो. वेशीजवळ गाडीचा हॉर्न वाजला. समोरच्या अंगणात पिरू भिंतीला धरून उभा होता. हॉर्न म्हणजे सुई, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालं होतं. त्याने भोकाड पसरलं, भिंत सोडली आणि पळाला. अख्खा रस्ता ओलांडून, धडपडत, पण पळत, सरळ माझ्या दुकानात, तुरीच्या पोत्यांमागे. तिथून बाहेर, पुन्हा रस्त्यावर. मागे बाणूबाई शिव्या देत, तिच्या मागे नर्स.

डॉक्टरीणबाई गाडीच्या दारात सुई घेऊन उभ्या होत्या. "अगं रूपा, धर की त्याला!" त्या ओरडल्या.

रूपा रस्त्याच्या मधोमध थांबली होती. तोंडाला पदर लावलेला, डोळे भरलेले.

"पळू द्या बाई," ती म्हणाली. "जरा पळू द्या त्याला."