विजयाबाईंच्या विहिरीचं पाणी

मधल्या दाराची कडी खळकन वाजली, तशी सरोजिनीने वही मिटली. पहाटेची ही एवढीच घटका तिच्या हक्काची होती. उषा पोटाशी गुडघे घेऊन निजलेली असायची, बाहेर चिटपाखरू नसायचं, आणि काल प्रयोगशाळेत काय पाहिलं ते सरोजिनी या वेळात लिहून काढायची. कडी वाजली की पुढचा दिवस सगळ्यांचा.

विजयाबाई आत आल्या. सोवळं नेसलेल्या, हातात फुलांची परडी. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दौलतगंजातल्या त्या गल्लीत दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती, भिंतीत हे दार, आणि दारापलीकडे विजयाबाईंचं अंगण नि विहीर. त्यांचा मुलगा रेल्वेत, बीना स्टेशनावर असे. सुनेला दुसरं तान्हं झाल्यापासून थोरली नात शालू आजीपाशीच होती. शालू आणि उषा दोघी पाच-पाच वर्षांच्या. सकाळी एकीचे डोळे उघडले की दुसरीला हाक जायची.

"निजू दे तिला," विजयाबाई म्हणाल्या. "उठली की मी नेते. तू आपली जा तुझ्या त्या जंतूंकडे."

ते वर्ष छप्पनचं. मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. सरोजिनीचा नवरा लक्ष्मीकांत सचिवालयात कारकून. फायलींच्या पेट्यांबरोबर तोही एप्रिलात इंदूरला गेला होता. यंदा मात्र जो तो म्हणत होता की हे जाणंयेणंच आता संपलं. मध्यभारत मोडणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. दाल बाजारातले व्यापारी दुकानाच्या पायरीवर बसून विचारत, "अब लश्कर में बचेगा क्या, बाबूजी?" आणि बाबूलोकांनाही ते ठाऊक नसे.

साहेब मंडळी इंदूरला गेली की फूलबागेजवळच्या पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतली टेबलं रिकामी पडत. तिथल्या डॉक्टर महिपतरावांनी ती हेरून कॉलेजातल्या चार विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी कामाला घेतलं होतं. म्हणाले, पुस्तकात जंतूंची चित्रं पुष्कळ पाहिलीत, आता जिवंत पाहा. चौघांत बाई एकटी सरोजिनी. मूल असलेलीही एकटी तीच. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष तिने उषाला मांडीवर थोपटत काढलं होतं, आणि हे दोन महिने मिळाले ते निव्वळ विजयाबाईंमुळे. पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत उषाचं न्हाणं, खाणं, रुसणं, सगळं त्यांच्याकडे.

ज्याने त्याने आपापल्या मोहल्ल्यातल्या विहिरींचे नमुने आणायचे, असं ठरलं तेव्हा मुरारचा दौलतसिंह हसून म्हणाला होता, "भाभीजी, आपकी गली में तो सब पंडित लोग हैं. वहाँ के कीड़े भी नहा-धोके आते होंगे."

महिपतराव मात्र हसले नव्हते. "एक लक्षात ठेवा. पाणी आपल्या हाताने काढायचं. बाटली दोरीला बांधा, विहिरीत सोडा, पाण्याखाली गेल्यावर बूच उघडा. कुणी भरून दिलेलं पाणी मला नको."

मे महिन्यातल्या एका सकाळी सरोजिनी बाटली आणि दोरी घेऊन विहिरीपाशी गेली.

"थांब," विजयाबाई म्हणाल्या. "ती बाटली माझ्या विहिरीत सोडायची नाही."

"काकू, अगदी कोरी आहे. भट्टीत भाजून काढलीय."

"भाज नाहीतर उकड. परवा तूच सांगत होतीस ना हसत हसत, तिथे मटणाचा काढा करतात म्हणून? आणि बैलाचं पित्त? त्याच टेबलावरची ना ही? या विहिरीचं पाणी देवाला लागतं, बाई."

सरोजिनीने जीभ चावली. आपणच गंमत म्हणून सांगितलेली ती गोष्ट.

"मी देते की भरून," म्हणत विजयाबाई स्वयंपाकघरातून तांब्याची घागर घेऊन आल्या. घासून लखलखीत केलेली, संध्याकाळी भरून ठेवलेली. बाटलीला घागर लागू नये म्हणून त्यांनी हातभर वरून धार धरली. "विहिरीचंच आहे. दुसरं कुठून आणू?"

महिपतरावांचे शब्द सरोजिनीला आठवले नाहीत असं नाही. पण आत ओसरीवर उषा शालूच्या मांडीला मांडी लावून दूधपोळी खात होती, आणि ती भरवणाऱ्या बाईशी सकाळी सकाळी वाद घालायचा तरी कुठल्या तोंडाने? विहिरीचंच तर आहे, असं तिनेही मनाशी म्हटलं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: दौलतगंज, विहीर क्रमांक तीन.

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना पित्त घातलेल्या रसाच्या नळ्यांत सोडून दोन दिवस उबेत ठेवत. पाण्यात मैल्याचा अंश असला की रस गढुळायचा आणि आतल्या उलट्या इवल्या नळीत हवेचा बुडबुडा धरायचा. विजयाबाईंच्या पाण्याच्या पाचही नळ्या नितळ राहिल्या. सरोजिनीने रजिस्टरात सुवाच्य अक्षरांत लिहिलं, "पिण्यास योग्य."

विजयाबाईंनी ही बातमी गल्लीभर केली. "आमच्या सरोजिनीने तपासलंय. सरकारी कागद आहे म्हटलं!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात शालूला ताप भरला. बाहेर आग ओकणारं ऊन होतं, जो येईल तो म्हणे लू लागली. विजयाबाईंनी कैरीचं पन्हं केलं, तळपायांना कांदा चोळला. ताप उतरेना. पाचव्या दिवशी सरोजिनी भीत भीत म्हणाली, "काकू, विषमज्वर तर नसेल? डॉक्टरला दाखवू या का?"

"विषमज्वर पाण्यातून होतो, हे तूच सांगितलंस. आणि पाणी तूच पाहिलंस. मग?"

मग काय. सरोजिनीने डॉक्टरचा विषय सोडला. त्या रजिस्टरात अक्षर तिचं होतं, आणि आपल्या अक्षरावर तिचा विश्वास होता. उषाला तिने आपल्याकडेच ठेवलं, प्रयोगशाळेचे दोन दिवस बुडवले, आणि संध्याकाळी मधल्या दारातून शालूच्या कपाळावरच्या घड्या बदलायला ती जात राहिली. पन्हं करायला पाणी त्याच विहिरीचं येत होतं.

नवव्या दिवशी शालू बडबडायला लागली, आजीला ओळखेना. तेव्हा कुठे तिला टांग्यात घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विजयाबाईंवर ओरडला, "इतने दिन क्या कर रही थीं आप?" मागे उभी असलेली सरोजिनी पदराचं टोक पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मधल्या दाराची कडी तिनेच काढली. पलीकडे कोणी नव्हतं. तिने बाटली दोरीला बांधली, विहिरीत सोडली, पाण्याखाली बूच उघडलं. दोन दिवसांनी पाहिलं तर पाचही नळ्या गढूळ, पाचहींत बुडबुडा. शेजारच्या टेबलावरून दौलतसिंहाने मान उंचावून पाहिलं. काहीतरी थट्टा त्याच्या ओठांवर आली असावी. तिचा चेहरा पाहून त्याने ती गिळली आणि तो आपल्या कामाकडे वळला.

सरोजिनी नळ्या उभ्या केलेली लाकडी घोडी तशीच उचलून महिपतरावांपुढे नेऊन उभी राहिली; विजयाबाईंच्या घरातलं शालूचं आजारपण तिने सांगितलं.

त्यांनी रजिस्टर मागे उलटलं. "मे महिन्यात हीच विहीर स्वच्छ होती म्हणता. तो नमुना कोणी काढला होता?"

"घागरीतून घेतला, सर."

"कसल्या घागरीतून?"

"तांब्याच्या. रात्रभर ठेवलेल्या."

महिपतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीवरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं. "तांब्यात हे जंतू तग धरत नाहीत, सरोजिनीबाई. तुम्ही विहिरीची नव्हे, घागरीची परीक्षा केलीत." मग त्यांनी विचारलं, "त्या बाई स्वतः कुठलं पाणी पितात?"

"घागरीतलंच."

"आणि पोरगी?"

"आंघोळ विहिरीवर. तिथेच बादलीतून, ओंजळीने पिते."

"तुमचीही मुलगी तिथेच असते ना?"

"असते, सर." विजयाबाई उषाला विहिरीवरचं पाणी पिऊ देत नसत. लोकांचं लेकरू आपल्यावर सोपवलेलं म्हणून त्या तिला आत नेऊन घागरीतलं गार पाणी फुलपात्राने पाजत. आपल्या नातीला त्यांनी कधी एवढं जपलं नव्हतं.

"विहिरीत आजच जंतुनाशक पावडर टाकायला माणूस पाठवतो," महिपतराव म्हणाले. "आणि हे रजिस्टर... दिवाळीपर्यंत पेटीत भरून भोपाळला जाईल. इंदूरची येतील, रीव्याची येतील, जबलपूर-रायपूरची येतील. कुठल्यातरी गोदामात ढीग लागेल. कोणी उघडून बघेल असं मला वाटत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

तिने लाल शाईने ती ओळ खोडली. बाजूला लिहिलं, "नमुना विहिरीतून घेतलेला नव्हता," आणि खाली सही केली. सही एका दमात झाली, याचंच तिला वाईट वाटलं. कागदावर कबूल करणं इतकं सोपं होतं.

इस्पितळात नवं औषध दिलं, कॅप्सूल उघडून पूड मधात कालवून. अठराव्या दिवशी ताप उतरला. विजयाबाई कपडे न्यायला घरी आल्या, तेव्हा त्यांनी ओसरीतच सरोजिनीचे दोन्ही हात धरले.

"तू पुन्हा पाणी बघितलंस म्हणून कळलं गं. मधेच केव्हातरी नासलं असेल, नाही? उषी वाचली, देवाची कृपा. आता खुशाल सोड तुझी बाटली. मी आडवी येणार नाही."

"काकू, ते पहिलं पाणी..."

"काय?"

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझं चुकलं, एवढं म्हणून भागणार नव्हतं. पुढच्या दोन वाक्यांत घागर आली असती, हातभर वरून धरलेली धार आली असती, आणि ही म्हातारी उरलेला जन्म त्या घागरीकडे बघत बसली असती. की हे सगळं आपल्या भित्रेपणाचंच नाव? सरोजिनीला ठरवता येईना.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवून जा."

शालू घरी आली ती जुलैत. डोक्याचा गोटा केलेला, मान काडीसारखी. डॉक्टरने निघताना सांगितलं होतं की तापात कान गेलेत. येतील न येतील, भरवसा नाही. विजयाबाई ते मानायला तयार नव्हत्या. "अशक्तपणा आहे," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "अंगात रक्त भरलं की ऐकेल."

त्याच आठवड्यात लक्ष्मीकांतचं पत्र आलं. नोव्हेंबरात भोपाळ नक्की, क्वार्टर मिळेल असं दिसतं, उषाचं नाव तिकडच्या शाळेत घालू. सरोजिनीने पत्र दोनदा वाचलं. सुटका झाल्यासारखं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला शिसारी आली.

उषाला शालूकडे जाऊ द्यावं की नाही, हे ठरवणं ती दोन दिवस टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी उषाने स्वतःच टाचा उंचावून मधलं दार उघडलं. सरोजिनी चुलीपाशी होती. तिला दिसत होतं: पलीकडच्या पायरीवर पाठमोरी शालू, कोळशाने फरशीवर काहीतरी गिरवणारी, दारात उभी उषा, फ्रॉकचा घेर मुठीत धरलेला.

"शालू!"

मग पुन्हा, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, घसा ताणून. शालूने मान वळवली नाही. कोळसा फरशीवर फिरत राहिला.

उषा हळूहळू मागे आली. ओठ बाहेर आला होता, पण रडत नव्हती. आईच्या मांडीशी येऊन उभी राहिली, पदर ओढला.

"आई, शालूने माझ्याशी कट्टी केलीय. माझ्याकडे बघतच नाही."

सरोजिनीने तिला जवळ ओढलं, कपाळावर आलेले केस मागे सारले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

उषा तिच्या डोळ्यांत बघत होती. "मी काय केलं, आई?"